पडण्याच्या सव्वीस छटा

शनिवार, २ फेब्रुवारी

'फॉल'ची पहिली दहा कार्डं आज आली. 'ब्रेक' संपवून जेमतेम पंधरवडा झाला. मोडण्याच्या छटा लिहून लिहून कंबर मोडायची वेळ आली होती, आता महिनाभर पडायचं.

ही वही खासगी आहे, तरी मास्तरकीच्या सवयीने सगळं नीट मांडून ठेवतो. आमचा छटाकोश म्हणजे एक इंग्रजी क्रियापद घ्यायचं, त्याची सगळी भावंडं गोळा करायची आणि कोणाचा स्वभाव कसा ते मराठीत सांगायचं. 'फॉल'च्या घरात सव्वीस जण निघाले. कार्डाच्या वरच्या भागात शब्द आणि अर्थ मी लिहितो, खाली नमुन्याचं वाक्य लिहिते माझी मुलगी. मी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण वाक्य करायला बसलो की 'सूर्य पूर्वेला उगवतो'च्या पुढे गाडी जात नाही. मुंगीचं तसं नाही. (घरात तिला मुंगीच म्हणतो. लहानपणी स्वतःपेक्षा मोठं पुस्तक ओढत न्यायची.) तीही शाळेत शिकवत होती. लग्नानंतर जावईबापूंनी नोकरी सोडायला लावली, तेव्हा घरबसल्या मन रमेल म्हणून मीच हे काम तिला दिलं.

कार्डांची ने-आण जावईबापूच करतात, दर शनिवारी, स्कूटरवरून, बंद पाकिटात. त्यांचा चहा होईपर्यंत मी त्यांच्यासमोरच लाल शाईने तपासतो. पसंत पडलेलं कार्ड पेटीत आपल्या खणात जातं. नापसंत कार्ड परत जातं आणि मुंगी पाठीमागे नवं वाक्य लिहून धाडते.

जावईबापू सज्जन आहेत. पाणीपुरवठ्यात अधिकारी. चपला जोडीने काढून ठेवतात, आवाज कधी चढत नाही, माझ्या गुडघ्याची चौकशी न चुकता करतात. तरी खाली स्कूटर बंद झाली की मी रेडिओ बंद करून खुर्चीत सरळ बसतो. मी जन्माचा भित्री भागूबाई. मुख्याध्यापक, कुत्री आणि शाळा-तपासनीस यांना भीत भीत निवृत्त झालो, आता जावई. तिची आई असती तर मला चार शब्द सुनावून स्वतःच पोरीकडे जाऊन आली असती. तिला जाऊन चार वर्षं झाली.

"मुंगी कशी आहे?" मी विचारलं.

"मजेत. धांदरटपणा काही जात नाही, तुम्हाला ठाऊकच आहे."

मला ठाऊक नव्हतं. मुंगी काठोकाठ भरलेला पेला तीन खोल्या पार करून आणायची आणि थेंब सांडायचा नाही. मी मान डोलावली.

पहिलंच कार्ड 'स्टम्बल'. माझा अर्थ: चालताना पाय अडणे, तोल जाणे, माणूस पडेलच असे नाही. खाली मुंगीचं वाक्य: 'वाटेत काहीच नव्हतं, तरी ती अडखळली असं सगळ्यांना सांगायचं ठरलं.'

मी लाल शाईत लिहिलं: 'लांबलं. कोशात गोष्ट नको. "ती दगडाला अडखळली" पुरे.'

"काय चुकलं?" जावईबापूंनी कपावरून विचारलं.

"काही नाही, जरा लांबलं."

"सांगतो तिला," ते म्हणाले.

ते गेल्यावर दूध तापत ठेवलं. ते उतू गेलं, ओट्यावरून खाली आलं, तरी मी तिथंच उभा होतो. हल्ली लक्ष लागत नाही.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

आज दिवसभर 'फॉल'चं घराणं तपासलं. मराठीत एकटं 'पडणे' सगळा संसार ओढतं: ऊन पडतं, थंडी पडते, स्वप्न पडतं, प्रश्न पडतो, विसर पडतो, भीड पडते. इंग्रजांनी कामं वाटून दिली आहेत. 'टॉपल' उभ्या वस्तूचं, डोक्याकडून कलंडणारं. 'टम्बल' उलटंपालटं गडगडत येणारं. 'कोलॅप्स' म्हणजे आतला जोर संपून जागच्या जागी कोसळणं. 'प्लंज' उंचावरून खोल, 'स्लंप' खुर्चीत ढेपाळणारं. स्वभाव वेगवेगळे, पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी. वाक्यात नाव येतं ते पडणाऱ्याचं. तिथं आणखी कोणी उभं होतं का, ही चौकशी यांतलं एकही क्रियापद करत नाही.

सकाळी मुंगीला फोन केला, लागला नाही. मग जावईबापूंना लावला. तिचा फोन पडून फुटला, दुरुस्तीला टाकलाय, म्हणाले. मला तिच्याशी बोलायचं होतं म्हटलं, तर म्हणाले, "निरोप सांगा ना, मी देतो."

"जपून राहा म्हणावं," म्हणालो.

"तेच मी रोज सांगतो, बाबा."



शनिवार, ९ फेब्रुवारी

'ड्रॉप'खाली मुंगीने लिहिलंय: 'त्याने तिचा फोन हातातून सोडला आणि मग त्यावर पाय ठेवला.'

'टम्बल'खाली: 'ती सात पायऱ्या गडगडत खाली आली. आठव्या पायरीवर तो उभा होता.'

आणि गेल्या वेळी परत पाठवलेल्या 'स्टम्बल'च्या पाठीमागे नवं वाक्य लिहायचं सोडून तिने तेच जुनं वाक्य पुन्हा लिहिलं आहे. अक्षर मात्र पहिल्यापेक्षा मोठं.

जावईबापू समोर बसून वर्तमानपत्र वाचत होते. बिस्किटाचा तुकडा चहात बुडवायचा, नेमका मोडायच्या आधी उचलायचा, अशी त्यांची पद्धत आहे. त्यांची बिस्किटं कधीच मोडत नाहीत. मी 'ड्रॉप'वर लिहिलं: 'एका वाक्यात एकच क्रिया असावी.' 'टम्बल'वर लिहिलं: 'दुसऱ्या वाक्याची गरज नाही.' लिहिताना शाईचा डाग पडला.

"पुन्हा चुकली वाटतं?"

"नाही, नाही. कल्पनाशक्ती जरा दांडगी आहे, एवढंच."

"असं? बघू तरी." त्यांनी हात पुढे केला.

मी कार्ड गठ्ठ्याखाली सारलं आणि माझ्या गुडघ्याचा विषय काढला. चांगली दहा मिनिटं गुडघा चालला. वैद्य झाले, तेल झालं, शेक झाला, माझ्या आजोबांचा गुडघासुद्धा झाला. शेवटी तेच कंटाळून उठले. आज एकही कार्ड परत दिलं नाही, सगळी पसंत आहेत असं सांगितलं आणि कोरी कार्डं हातात दिली.

कार्ड का लपवलं, तर कच्चं काम बाहेरच्याला दाखवू नये असा आमच्या कोशाच्या कचेरीचा दंडक आहे. म्हणून.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

शनिवारची कार्डं खणांत लावली. शब्दाप्रमाणे लावायची असतात: 'स्टम्बल' एका कोपऱ्यात, 'टम्बल' दुसऱ्या, 'ड्रॉप' तिसऱ्या. लावून झाली की बरं वाटतं. पेटी मिटली की शांत.

'फॉल सायलेंट'खाली तिने लिहिलंय: 'खाली स्कूटर थांबली की घर गप्प होतं.' याला लाल शाई लावली नाही. किती नेमकं वाक्य! माझ्याही घराचं तसंच होतं.

'फॉल अस्लीप'खाली: 'कपडे न बदलताच ती झोपी गेली, कारण हात वर होत नव्हता.' यात 'कारण' नको होतं. खोडायला पेन उचललं आणि तसंच ठेवलं. झोप कशाने येते ते सांगणं कोशाचं काम नाही, पण खोडवेना.

आज दोनदा जेवलो. पहिल्यांदा जेवल्याचं लक्षातच नव्हतं.

शनिवार, १६ फेब्रुवारी

मुंगीचा उजवा हात मोडला. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर. जिन्यावरून पडली, म्हणतात. बुधवारी.

बुधवारी पडली आणि मला शनिवारी कळतंय. मी "अरे बाप रे" म्हणालो. जावईबापूंनी उठून मलाच पाणी आणून दिलं.

"भेटायला येऊ का?"

"कशाला त्रास? जिना आहे, तुमचा गुडघा तसा. आणि काळजी करू नका, काम अडलेलं नाही. तिला लिहिता येत नाही, म्हणून यावेळी मीच लिहिली."

त्यांनी पाकीट पुढे केलं. सुबक, सरळ अक्षर.

'फॉल': 'सांगूनही जी ऐकत नाही ती पडते.'

'टॉपल': 'फार ताठ उभं राहिलं की वस्तू कलंडते.'

'कोलॅप्स': 'नवऱ्याचा आधार काढला की बाई कोसळते.'

आखूड, व्याकरणशुद्ध, एका वाक्यात एकच क्रिया. मी घालून दिलेले सगळे नियम पाळलेले. लाल शाईला कुठं जागाच नव्हती.

"जमलं का, बाबा?"

"जमलं," म्हणालो. वर "छान" सुद्धा म्हणालो.

"तिची जुनी कार्डंही वाचायची आहेत एकदा. तुम्ही म्हणालात ना, कल्पनाशक्ती दांडगी आहे. मी तिला विचारलं, तर काही सांगेना."

मी ती कार्डं कचेरीत जमा केली असं सांगितलं. ती त्यांच्या खुर्चीमागच्या पेटीतच होती. ते गेल्यावर दाराला कडी लावली, मग साखळी लावली आणि दाराशीच खाली बसलो. 'कल्पनाशक्ती' हा शब्द मी का वापरला? 'व्याकरण कच्चं आहे' म्हणालो असतो तर तिला कोणी काही विचारलं नसतं. मी शनिवारी बोललो आणि बुधवारी तिचा हात मोडला.

रविवार, १७ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही.

सोमवार, १८ फेब्रुवारी

पेटी घेऊन कचेरीत गेलो. आमच्या संपादकबाईंना सगळे कात्रीबाई म्हणतात. दहा शब्दांतले सहा कापून उरलेल्या चारांबद्दल खेद व्यक्त करतात. त्यांच्यापुढे मी आजवर मान वर करून बोललेलो नाही.

त्यांनी सवयीप्रमाणे सगळी कार्डं खणांतून बाहेर काढली आणि टेबलावर मांडू लागल्या. पण शब्दाप्रमाणे नाही, कोपऱ्यातल्या तारखेप्रमाणे. महिन्याचं काम किती झालं ते त्यांना असंच दिसतं. मांडता मांडता त्यांचा हात थांबला. मग त्या पहिल्यापासून मोठ्याने वाचू लागल्या. वाटेत काही नव्हतं. फोनवर पाय. सात पायऱ्या, आठवीवर तो. स्कूटर थांबली की घर गप्प. हात वर होत नव्हता.

सलग वाचलं की दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

"मास्तर, ही कोण?" त्यांनी विचारलं.

"वाक्यं माझी मुलगी लिहिते. तिची कल्पना..."

"कल्पनेत पायऱ्या कोणी मोजत नसतं."

मी रिकाम्या पेटीचं झाकण लावलं.

"आणि हे लाल?"

"माझं."

त्यांनी 'स्टम्बल' उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. "तिने तुम्हाला सांगितलं. तुम्ही 'लांबलं' म्हणालात. तिने पुन्हा सांगितलं." मग जावईबापूंची तीन कार्डं दिसली. "हे अक्षर कोणाचं?"

"जावयाचं. तिचा हात मोडलाय."

कात्रीबाई उठून खिडकीशी गेल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कधी जाताय आणायला?"

मी म्हणालो, बघतो. तिचं घर वरच्या मजल्यावर आहे, माझा गुडघा दुखतो, जावई मोठा अधिकारी आहे, शिवाय मुलीच्या मनात काय आहे ते कळायला हवं. एवढं सगळं एका दमात बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. आज पहिल्यांदाच त्यांनी माझं काही कापलं नाही.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

आक्काला फोन केला. माझी थोरली बहीण, ऐंशीची आहे, पण आवाज अजून खणखणीत. सगळं सांगितलं. सगळं म्हणजे निम्मं.

"संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच," आक्का म्हणाली. "तू मध्ये पडू नकोस. आज भांडतील, उद्या एक होतील, आणि तू मात्र दोघांचा वैरी होशील."

'मध्ये पडणे' ही छटा 'फॉल'च्या सव्वीसांत नाही. तिच्यासाठी इंग्रजीत वेगळंच घराणं शोधावं लागेल.

खरं लिहितो. आक्काचं ऐकून मला हायसं वाटलं. तिला फोन केला तोच मुळी तेवढ्यासाठी. पाच मिनिटं अगदी सुटल्यासारखं वाटलं, मग स्वतःची अशी किळस आली की आंघोळ करून आलो.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

आज गेलो. दोन बस बदलून, जावईबापू कामावर असतील अशी वेळ साधून, सकाळी अकरा वाजता. हातात छत्री होती. आभाळ स्वच्छ होतं, पण काहीतरी हातात हवं होतं.

जिना चढताना पायऱ्या मोजत गेलो. एकूण पंधरा. खालून आठवीवर पाय ठेवला आणि पुढे चढवेना. कठड्याला धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे.

दाराला बाहेरून कुलूप. म्हटलं, घरी कोणी नाही, चला. अगदी खरं लिहायचं तर मी वळलोही होतो. तेवढ्यात जिन्याकडच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला.

"बाबा? तुम्ही कशाला आलात?"

गजांमागे मुंगी. हात गळ्यात बांधलेला. कानाखालून मानेपर्यंत पिवळा-निळा डाग. दोन महिन्यांनी पाहत होतो तिला.

"कुलूप फोडतो मी," म्हणालो.

"कशाने? छत्रीने?" ती हसली, आणि ओठ दुखला म्हणून थांबली. "आज नको, बाबा. आज मी दिसले नाही तर ते सरळ तुमच्याकडे येतील. गोड बोलतील. आणि तुम्ही मला परत द्याल."

"नाही देणार."

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघितलं.

मग तिने ओट्यावरच्या डब्याखालून एक कार्ड काढलं आणि गजांतून बाहेर दिलं. डाव्या हाताने लिहिलेलं, पहिलीतल्या पोरासारखं अक्षर. 'शनिवार, सकाळी दहा. हाडांचा दवाखाना. प्लास्टर तपासायला नेणार आहेत. तिथे माणसं असतात.'

"तुम्ही या आणि डॉक्टरांना सांगा. मागच्या वेळी मी तोंड उघडलं, तर हे म्हणाले, औषधाची गुंगी आहे, बरळते. सगळे हसले."

"मीच सांगू?"

"मग कोण सांगणार?"

खाली कोणाचं तरी फाटक वाजलं. तिने खिडकी ओढून घेतली. मी पंधराच्या पंधरा पायऱ्या कठडा न सोडता उतरलो. परतीच्या बसमध्ये प्रत्येक स्कूटरच्या आवाजाला मागे वळून बघत होतो.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

पाचावर धारण बसली आहे. जेवण नाही.

कात्रीबाईंना फोन करून सांगितलं. त्या गाडी घेऊन दवाखान्याबाहेर थांबणार आहेत. "आत मी येणार नाही," म्हणाल्या. "आत तुम्ही जायचं."

सकाळपासून आरशासमोर वाक्य घोकतोय. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं कापली, आज एक स्वतःचं जमत नाही. 'तिला धक्का दिला' म्हणावं, तर धक्का चुकूनही लागतो. 'लोटलं' पुस्तकी वाटतं. 'पाडलं' म्हटलं की खेळात पाडल्यासारखं. 'तिच्यावर हात टाकला' यात जिना येत नाही. शेवटी 'ढकललं' ठरवलं. ढकलायला हात लागतात आणि मनात यावं लागतं.

'डॉक्टर, ही पडलेली नाही. यांनी हिला जिन्यावरून ढकललं.' चाळीसएक वेळा म्हटलं. शेवटच्या शब्दाला प्रत्येक वेळी आवाज बसतो.

शनिवार, २३ फेब्रुवारी

घरी आलो आहे. आजचं आजच लिहायला हवं.

नऊ वाजताच दवाखान्यात जाऊन बाकावर बसलो. दोनदा मुतारीत जाऊन आलो. तिसऱ्यांदा उठलो तो मागच्या दाराने निघून जायच्या विचारानेच, आणि तेवढ्यात ते दोघं आले.

"अरे बाबा! तुम्ही इथे? गुडघा का?"

आणि मी म्हणालो, "हो. गुडघा."

मुंगी जमिनीकडे बघत होती. ती माझ्या शेजारी बसली. पलीकडे जावईबापू. बाकावर आणखी सहा जण होते, कोणाचा पाय, कोणाची मान. अर्धा तास आम्ही तिघं शेजारी शेजारी बसून होतो. त्यांनी मला तेलाचं नाव सुचवलं, मी ते कागदावर लिहूनसुद्धा घेतलं.

मग तिचा पुकारा झाला. दोघं आत गेले. दार पुरतं लागलं नव्हतं. डॉक्टरबाईंचा आवाज आला, "कशा पडलात?" आणि जावईबापूंचा, "पायरीवरून. जरा धांदरट आहे."

मी उठून आत गेलो. कसा गेलो ते आठवत नाही. परिचारिका म्हणाली, "काका, तुमचा नंबर नाही अजून."

घोकलेलं वाक्य पार उडालं होतं. "मी हिचा बाप आहे," म्हणालो. "ही पडत नाही. ही कधीच पडत नव्हती. यांनी हिला ढकललं. फोन फोडला, घरात कोंडून ठेवलं, आणि पुन्हा ढकललं. हिने मला लिहून कळवलं होतं. माझ्याकडे लेखी आहे." आवाज इतका चिरका निघाला की तो माझा वाटेना. बाहेर बाकावरची माणसं दारात येऊन उभी राहिली.

जावईबापू हसले. "वय झालंय, डॉक्टर. कोश लिहितात. शब्द डोक्यात फिरत असतात."

कोणी तरी खरंच हसलं. वाटलं, संपलं, आता मी 'हो, वय झालंय' म्हणणार. ते शब्द जिभेवर आलेही होते. मी टेबलाची कड घट्ट धरली आणि तोंड मिटून ठेवलं.

डॉक्टरबाईंनी मुंगीला विचारलं, "हे खरं बोलतायत का?"

तिने गळ्यातली झोळी डाव्या हाताने सारखी केली. मग म्हणाली, "पहिल्यांदा सात पायऱ्या. दुसऱ्यांदा पंधरा."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही बाहेर थांबा," त्या जावईबापूंना म्हणाल्या.

"मी नवरा आहे तिचा."

"हो. म्हणूनच."

ते निघाले. माझ्याजवळून जाताना थांबले, माझी कॉलर नीट केली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "येतो मी, बाबा. शनिवारी येतोच ना?"

मुंगी दुपारी कात्रीबाईंच्या गाडीतून माझ्याबरोबर घरी आली. आता आतल्या खोलीत झोपली आहे. मी दारासमोर कपाट सरकवलंय. गुडघ्याला काही झालं नाही.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंनी सगळं कागदावर लिहून दिलं. पोलीस ठाण्यात मुंगीचा जबाब झाला. सव्वादोन तास लागले आणि तिने एकही शब्द बदलला नाही. कार्डांच्या प्रती तिथं जमा केल्या, माझ्या लाल शाईसकट. तिथल्या साहेबांनी लाल शाईचं विचारलं नाही. विचारतील असं मला सारखं वाटत होतं.

काल सकाळी समोरच्या फुटपाथवर स्कूटर उभी होती. ते वर आले नाहीत. नुसते सीटवर बसून आमच्या खिडकीकडे बघत होते, दुपारपर्यंत. कात्रीबाईंनी गाठून दिलेल्या वकीलबाई म्हणतात, तारीख लिहून ठेवा, वेळ लिहून ठेवा. लिहून ठेवतोय. शनिवारची भीती आजपासूनच वाटते. कपाट अजून दारासमोरच आहे, दूधवाल्यासाठी ते रोज सरकवावं लागतं.

आज दुपारी आम्ही दोघं जेवत होतो. ती डाव्या हाताने चमचा धरते. निम्मा भात ताटाबाहेर सांडतो. मी भरवायला पुढे सरकलो, तर नको म्हणाली.

मग ताटाकडे बघतच तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला कळलं कधी?"

उत्तर तयार होतं. कात्रीबाईंनी तारखेप्रमाणे कार्डं मांडली तेव्हा. या वहीतही तसंच लिहिलं आहे. उद्या कोणी ही वाचली तर तेच खरं मानेल. मी तोंड उघडलं, पण समोर तिचा तो प्लास्टरमधला हात होता.

"पहिल्या कार्डाला," म्हणालो.

ती जेवत राहिली. पाण्याचा पेला उचलला, प्यायली, खाली ठेवला.

"मग?"

"भीती वाटली गं."

"मलाही वाटत होती, बाबा," ती म्हणाली. "तरी मी लिहीत होते."